वहिनीला माफ केल्याबद्दल

३ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

नमस्कार. तू आणि चिमी मजेत असाल, निदान बऱ्या असाल, असं धरून चालते. फोन तू उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. शाळा सुटल्यापासून एवढं लांबलचक काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. तुझ्या बहिणीलाही माझा नमस्कार सांग. दोघी मायलेकींना अचानक ठेवून घ्यायचं म्हणजे सोपं नाही.

इकडे सगळं ठीक. बाबा घरी आले. चालतात, जेवतात, पेपर वाचून सरकारला शिव्या देतात, म्हणजे तब्येत सुधारली म्हणायची. डोक्यातला गोंधळ पार गेला. हॉस्पिटलात दादाला "काका" म्हणत होते आणि चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या वेचत होते, त्यातलं त्यांना काही म्हणजे काही आठवत नाही. कपाळावरची नागीण सुकली, खपल्या पडल्या. फक्त उजवा डोळा अजून लाल आहे. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा तोच डोळा, भिंग लावायचा. खिडकीपाशी टेबलावर बसतात, भिंग लावतात, काढतात, आणि आज उजेड बरा नाही म्हणतात. उजेड चांगला असतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी नागिणीला दिली होती तीच विषाणूवरची गोळी पुन्हा सुरू केली आहे, त्यांच्या मूत्रपिंडांना झेपेल एवढीच. गोळ्या आता मी देते. दादा म्हणाला, "आता तूच बघ बाई. तुझ्याशिवाय कुणावर विश्वास नाही माझा."

दादा तसा बरा आहे. लिफ्टची कामं वाढली आहेत, उशिरा येतो, आला की ताटात बघून जेवतो. तुझं नाव काढत नाही. पण चिमीच्या शाळेची बस खाली हॉर्न वाजवते ना, तेव्हा उठून खिडकीपाशी जातो. ड्रायव्हरला कुणी अजून सांगितलेलं नाही वाटतं, की इथून कुणी येणार नाही.

माझं पार्लरही चाललंय. समोर नवीन सलून उघडलं, सगळं काचेचं. त्यांच्याकडे एसी आहे, माझ्याकडे गप्पा आहेत. बघू कोण टिकतं.

आता मुख्य. वहिनी, जे झालं ते झालं. चुका माणसाच्या हातूनच होतात. तू काही मुद्दाम केलं नाहीस. खाली पाळणाघर, वर आजारी सासरा, मधल्या जिन्यावर तू, एखादी गोळी जास्त गेली असेल. दादा रागाच्या भरात बोलला, त्याचं एवढं मनावर घेऊ नकोस. मी तुला केव्हाच माफ केलंय. बाबांनीही. तेव्हा मनात काही न ठेवता निघून ये. या विषयावर घरात कुणी चकार शब्द काढणार नाही, ते मी बघते.

पाळणाघराची किल्ली माझ्याकडे आहे. पोरांच्या आया रोज विचारतात, कधी उघडणार. काय सांगू?

तुझी वाट बघणारी,
नणंद

ता. क. हॉस्पिटलात फोन करून वगैरे काही विचारत बसू नकोस. झाल्या गोष्टी उकरून काय मिळणार?


१९ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मिळालं. तुम्ही दोघी सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. इकडे काल इमारतीची पाण्याची टाकी धुतली, त्यामुळे दिवसभर नळाला पाणी नव्हतं. बाबांचा डोळा आहे तसाच आहे. दादाचा चष्मा फुटला, नवीन केला.

बघ, टाकी आणि चष्मा. मी वेळ काढतेय.

तुझं पत्र वाचलं आणि पाकिटात परत घातलं. मग पार्लर उघडलं. पहिल्याच बाईचे केस जरा जास्तच कापले गेले. ती म्हणाली, "अहो, खांद्यापर्यंत म्हटलं होतं मी." मी म्हटलं, "उन्हाळ्यात बरं पडतं." आत्ता उन्हाळा कुठे आहे? ती बिचारी आरशात बघत राहिली.

संध्याकाळी एक जण कडेवर बाळ घेऊन आली. पाळणाघरातल्या खाटा देऊन टाकायच्या आहेत असा तुझा निरोप तिला मिळाला होता. किल्ली घेऊन मी तिच्याबरोबर खाली गेले. तिने एक खाट हलवून बघितली, पाय डुगडुगत नाहीत ना म्हणून. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "खाटा द्यायच्या नाहीत. चुकीचा निरोप गेला तुम्हाला." ती वैतागून निघून गेली. मी दार आतून लावलं, त्या एवढ्याशा खुर्चीवर बसले, गुडघे हनुवटीला लागत होते, आणि खूप रडले.

तू लिहिलंस, "वन्सं, तुम्ही मला माफ केलंत हे तुमचं मोठं मन. पण मला अजून आठवत नाही, मी जास्त गोळ्या कधी दिल्या. रोज आठवून बघते. आठवत नाही याचीच जास्त भीती वाटते, अजून काय काय विसरले असेन? परवा चिमीला ताप आला, बाटली हातात घेतली, लेबल पुन्हा पुन्हा वाचलं आणि खाली ठेवली. शेवटी बहिणीने पाजलं. मी आता कुणाच्या पोराला चमचाभर औषधही पाजणार नाही. खाटा देऊन टाका."

वहिनी, तुला आठवत नाही, कारण तू दिल्याच नाहीस. मी दिल्या.

हे लिहून उठले, पाणी पिऊन आले. आता सगळं सांगते. सांगताना मध्येच स्वतःची बाजू मांडायला लागले तर तेवढं वगळून वाच.

माझं एक दुखणं आहे, ते तुला माहीत नाही. कुणालाच नाही. नवऱ्याला सोडून मी या घरात परत आले, तेव्हा रिकाम्या हाताने आले असं सगळे म्हणाले. तशी नव्हते आले. त्याच्याकडून एक आजार घेऊन आले होते. हर्पीस म्हणतात. नागिणीच्याच कुळातला, पण हा विषाणू वेगळा, आणि फोड येतात ते कुणाला दाखवता येणार नाहीत अशा जागी. बरा असा होत नाही, आत दबून बसतो, अधूनमधून डोकं वर काढतो. संसार गेला, हा राहिला. माझ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "यात लाजायचं काय? असंख्य लोकांना असतो." असंख्य लोकांची पार्लरं नसतात. माझ्याकडे बायका चेहरा पुढे करून डोळे मिटतात. एकीला जरी कळलं असतं तरी दुकानाला कुलूप लागलं असतं, असं मी धरून चालले.

तर त्या गोळ्या. तिथे नुसतं चुरचुरायला लागलं की लगेच सुरू करायच्या, म्हणजे फोड वाढत नाहीत. मला गुण यायचा. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "या तुमच्या आहेत, दुसऱ्या कुणाला द्यायच्या नाहीत." मी मान डोलावली होती. मी देणार कुणाला, सांगणारच नव्हते तर?

आणि ठेवायच्या कुठे? माझ्या दुकानात कुठल्याच बाटलीत लेबलावरचं नसतं, असं तू नेहमी चिडवायचीस. शाम्पूच्या बाटलीत कंडिशनर, गुलाबपाण्याच्या बाटलीत स्पिरिट. मला पाठ असतं, म्हणून चालतं. तसंच या गोळ्यांचं केलं. पट्टीतून काढून कोल्ड क्रीमच्या रिकाम्या डबीत टाकायची. पट्टी आणि आतला माहितीचा कागद कचऱ्यात. तो कागद मी एकदाही वाचला नाही. मला पाठ होतं ना सगळं!

बाबांना नागीण झाली आणि डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, तेव्हा नाव ऐकून मी मनात म्हटलं, अरे, ही तर आपलीच! मग कळलं, दिवसातून दोनदाच द्यायची आहे. अर्धं कपाळ पेटलेला म्हातारा माणूस उशीत तोंड खुपसून कण्हतोय, आणि दोनदाच? मला एवढ्याशा फोडांना दिवसातून पाच वेळा लिहून दिली होती. तू नीट समजावलंस. "वन्सं, बाबांची मूत्रपिंडं कमजोर आहेत. औषध बाहेर पडत नाही, अंगात साठत जातं. डॉक्टरांनी रक्त तपासून तेवढीच सांगितली आहे. आणि पाणी भरपूर प्यायला हवं." मी काय म्हटलं आठवतंय? "तुझं सगळंच मोजून मापून. वाढतेससुद्धा तशीच." सगळ्यांसमोर. दादा हसला, बाबाही कण्हता कण्हता हसले. तू हसली नाहीस. छोट्या वाटीत गोळी आणलीस आणि ते गिळेपर्यंत उभी राहिलीस.

तू खाली गेलीस की मी डबी घेऊन यायची. बाबांना म्हणायची, ताकदीची गोळी आहे. ते विचारायचेसुद्धा नाहीत, हात पुढे करायचे. पार्लरवालीचा हिशेब, दुसरं काय. थोडा रंग लावला की थोडा चढतो, जास्त लावला की झकास चढतो. तू भरून ठेवलेला पाण्याचा ग्लास ते खिडकीतल्या कुंडीत ओतायचे, सारखं बाथरूमला उठायला नको म्हणून. मी ते बघायची आणि हसायची. म्हातारा काय बेरकी आहे, म्हणायची.

मग त्यांना मुंग्या दिसायला लागल्या. हात आपोआप झटके द्यायला लागले. खुंटीवरच्या शर्टाशी त्यांनी भांडण काढलं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी तुलाच विचारलं, गोळ्या किती दिल्या. तू अचूक सांगितलंस. पर्समधून पट्टी काढून दाखवलीस, किती संपल्या, किती उरल्या. ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "एवढ्या डोसने सहसा असं होत नाही. विषाणू मेंदूत शिरला असेल. तसं असेल तर हेच औषध शिरेतून द्यावं लागेल, मोठ्या प्रमाणात, आजच." मी भिंतीला टेकून उभी होते. बाबा ज्या पाण्यात बुडत होते, तेच आता बादलीने ओतायला निघाले होते, आणि ते फक्त मला माहीत होतं.

तू त्यांचे कपडे आणायला घरी गेलीस. मी डॉक्टरांच्या मागे धावत सुटले, जिन्यात गाठलं, सगळं सांगितलं. पर्समधली डबी पुढे केली. त्यांनी गोळ्या तळहातावर घेऊन बघितल्या. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "वेळेत सांगितलंत. तुमच्या मूत्रपिंडांना पेलतं ते त्यांच्या मूत्रपिंडांना पेलत नाही. ज्याचं औषध त्यानेच घ्यायचं, आणि सांगितलंय तेवढंच." इंजेक्शन थांबलं. यंत्रावर रक्त स्वच्छ करून घेतलं, सलाइन लावलं, आणि बाबा हळूहळू परत माणसांत आले. मी डॉक्टरांना हात जोडले, माझ्या आजाराचं घरी कळू देऊ नका म्हणून. ते म्हणाले, "तुमचा आजार मी कुणाला सांगणार नाही. पण गोळ्यांचं तुम्हीच घरी सांगायला हवं." मी म्हटलं, सांगते.

मग दादा आला. औषध अंगात जास्त झालं होतं, आता धोका नाही, एवढंच त्याला डॉक्टरांकडून कळलं. गोळ्या कोण देतं ते त्याला माहीत होतं. तो उलटला तो तुझ्यावरच. भर कॉरिडॉरमध्ये. "दुसऱ्यांची पोरं सांभाळतेस, घरातला एक म्हातारा सांभाळता येत नाही तुला?" तू म्हणालीस, "मी बरोबर दिल्या होत्या हो." तो म्हणाला, "मग काय गोळ्यांना पाय फुटले?" तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. कुणीतरी आपल्या बाजूने बोलेल, अशा आशेने बघितलंस. मी पर्सची चेन लावत होते.

बाबांसाठी माझं तोंड उघडलं, तुझ्यासाठी उघडलं नाही. बाकीचं सगळं अडाणीपणात खपून जाईल एक वेळ. हे खपणार नाही.

आणि वर तुला माफ केलं मी! चोर तो चोर, वर शिरजोर. ते पत्र फाडून टाक. नको, ठेव. मी कधी शहाणपणा शिकवायला लागले तर माझ्यासमोर धर.

दादाला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला लिहितेय, कारण माझा मला भरवसा नाही. उद्या धीर झाला नाही, तर तुझ्या हातात हे लेखी असू दे. त्याला दाखव, कुणालाही दाखव. आजाराच्या ओळी झाकायची गरज नाही. इतके दिवस त्या झाकायला मी तुला वापरलं.

खाटा जागच्या जागी आहेत.

तुझी अपराधी,
नणंद


२३ ऑगस्ट

वहिनी,

"प्रिय" लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं वहिनी. चिमीचा ताप उतरला असेल ना?

दादाला सांगितलं. कामावरून येऊन तो हाताचं ग्रीस धूत होता, मी दारातच उभी राहून बोलायला सुरुवात केली. बसून बोलायचं ठरवलं असतं तर बोलले नसते. नळ चालूच राहिला. सगळं ऐकून त्याने पहिलं काय विचारलं असेल? "इतकी वर्षं हे दुखणं एकटीनेच काढलंस?" वहिनी, मला त्याचा राग आला. तुला भर कॉरिडॉरमध्ये शिव्या, आणि मला कीव! रक्ताची माणसं असा न्याय करतात. मी म्हटलं, "मला नंतर विचार. तिला काय बोललास ते आठव." तेव्हा कुठे त्याने नळ बंद केला. स्टुलावर बसला आणि ओले हात तसेच मांडीवर ठेवून म्हणाला, "मी तिला विचारलंच नाही गं. सरळ ठरवूनच टाकलं."

रविवारी तो तुझ्याकडे येतोय. दार उघडायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी त्याची वकिली करणार नाही. माझ्यासारखा वकील लाभला तर त्याला फाशीच होईल.

पाळणाघरातल्या पोरांच्या आयांना पार्लरमध्ये बोलावून सांगितलं. चूक वहिनीची नव्हती, माझी होती. गोळ्या कसल्या, माझ्याकडे कुठून आल्या, तेही सांगितलं, नाहीतर पुन्हा अर्धवट राहिलं असतं. दोघी उठून गेल्या आणि समोरच्या काचेच्या सलूनमध्ये शिरताना दिसल्या. एक जण मात्र बसून राहिली. सगळ्या गेल्यावर हळूच म्हणाली, "ताई, त्या गोळीचं नाव काय हो?" मी म्हटलं, "नाव नाही सांगणार. डॉक्टरीणबाईंचा पत्ता सांगते." तिने तो फोनमध्ये लिहून घेतला. तू कधी उघडणार, हे तिनेही विचारलं. सगळ्याच विचारतात. मी म्हटलं, ते वहिनीच ठरवेल.

बाबांना सांगणं सगळ्यात सोपं जाईल असं वाटलं होतं. माझे बाबा आहेत, पोटात घालतील. ते टेबलापाशी बसले होते, पुढ्यात एक उघडं घड्याळ. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे ती ताकदीची नव्हती." मी म्हटलं, "नव्हती." मग म्हणाले, "सूनबाईला कुणी आणायला गेलं का?"

संध्याकाळी डोळ्याच्या गोळीची वेळ झाली. गोळी घेऊन गेले, बरोबर पाण्याचा ग्लास. पट्टीवरचं नाव वाचलं होतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून बघितलं होतं, दोनदा. गोळी तीच होती, तेवढीच होती. बाबांनी माझ्या तळहाताकडे बघितलं. नेहमीसारखा हात पुढे केला नाही.

म्हणाले, "राहू दे. दादा कामावरून आला की घेईन."

रागाने नाही गं. अगदी मऊ आवाजात. परक्या माणसाला कशाला त्रास, म्हणून आपण बोलतो ना, तसं. मी म्हटलं, "बाबा, बरोबर आहे हो ही. बघा, पट्टी बघा." ते खिडकीबाहेर बघत राहिले. मी हात पुढे करून तशीच उभी. गोळी घामाने ओली व्हायला लागली.

बरोबर असूनही कुणी आपल्या हातून घेत नाही, ते कसं असतं, हे मला एका संध्याकाळी कळलं. निदान मी बरोबर आहे, हे मला ठाऊक तरी होतं. तुझं तेसुद्धा मी काढून घेतलं होतं.

दादा उशिरा आला. त्याने ती ओली गोळी टाकून दिली, पट्टीतून दुसरी काढून दिली. बाबांनी लगेच घेतली.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. परत ये असंही नाही. एकच मागते. चिमीला पुन्हा कधी ताप आला तर बाटली बहिणीच्या हातात देऊ नकोस. औषध तूच पाज. तुझा हात चुकला नव्हता.

जिचा चुकला, ती
तुझी नणंद